सॅक्सोफोनवरील नाव खरे मानावे का?

पोफळीच्या वीजगृहातील यंत्रांवर पाटी असते: कारखाना, क्रमांक, वर्ष. लग्नाच्या बँडमधील जुना जर्मन सॅक्सोफोन मात्र न्याहाळून पाहा. कोरीव नाव दिसेल, वर्ष बहुधा दिसणार नाही. शिवाय ते नावही फसवे असू शकते.

कसे ते पाहू. युलियुस काइलवेर्थ यांनी १९२५ साली ग्रासलिट्झ या गावी वाद्यांचा कारखाना काढला. गाव चेकोस्लोव्हाकियात, वस्ती जर्मन भाषिकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर या लोकांना देशाबाहेर घालवण्यात आले. काइलवेर्थ जर्मनीतील नाउहाइमला गेले. ग्रासलिट्झचे झाले क्रास्लित्से, आणि तेथे 'आमाती' कारखाना सॅक्सोफोन बनवू लागला. गंमत अशी, की 'टोनकिंग' हे नाव दोन्हीकडच्या वाद्यांवर सापडते! कित्येक दुकानदार तर वाद्यावर आपलेच नाव कोरून घेत.

म्हणून नोंद करणाऱ्याने नावावर थांबू नये. अंगठ्याच्या आकड्याजवळ अनुक्रमांक आहे का? भोकांच्या कडा कशा आहेत? घंटेच्या चाव्या डावीकडे की उजवीकडे? वाद्यावर 'पश्चिम जर्मनी' असा ठसा असेल, तर ते १९४९ पूर्वीचे नव्हे, कारण त्याआधी तो देशच नव्हता.

आणि वर्ग कोणता लिहाल? अंग पितळेचे, तरी सॅक्सोफोन लाकडी सुषिर वाद्यांत मोडतो. सनईप्रमाणे त्याचाही स्वर पत्तीच्या कंपनातून निघतो.

एक सांगायचे राहिले. फोटो काढण्यापूर्वी वाद्य घासून लखलखीत करू नका. पॉलिशबरोबर कोरीव अक्षरेही झिजतात.