साठ पृष्ठांची झाली चौदा पानं!

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. पान म्हणजे काय?

आमच्या माहीमच्या मुलांना विचाराल, तर उत्तर ठरलेलं! (हे मुंबईतलं माहीम नव्हे बरं का. केळव्याच्या शेजारचं, पालघर जिल्ह्यातलं समुद्रकाठचं माहीम.) पान म्हणजे विड्याचं पान! इथल्या वाड्यांमध्ये पानवेली आहेत. पान खुडायचं ते हळुवार हातानं, मग आकाराप्रमाणे लावायचं आणि नीट मोजायचं. एकेका पानाची किंमत असते, म्हणून ते वाया घालवायचं नाही, हे इथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

पण दुसरं एक पान आहे. प्रिंटरमधून सर्रकन बाहेर येणारं, कागदाचं. त्याच्या बाबतीत मात्र आपण भलतेच उदार असतो! आज या दुसऱ्या पानाविषयी बोलू या.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या. कागदाचा एक ताव म्हणजे एक ‘पान’, आणि त्या पानाची एक बाजू म्हणजे ‘पृष्ठ’. एका पानाला दोन पृष्ठं असतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागणार आहे.

साठ पृष्ठांचं कोडं

समजा, तुमच्या ताईला परीक्षेसाठी टिपणांची एक फाईल मोबाईलवर आली. एकूण पृष्ठं साठ. ती पालघर स्टेशनजवळच्या एखाद्या दुकानात गेली आणि म्हणाली, “काका, सगळं प्रिंट काढा.” दर आपण एका पृष्ठाला ३ रुपये धरू. झाले १८० रुपये! एकाच बाजूला छापलं, तर कागदाची पानंही साठ. ज्या घरात आई-बाबा रोजंदारीवर जातात, तिथे १८० रुपये ही काही लहान रक्कम नाही. कधीकधी तर तेवढ्यासाठी टिपणं न काढताच मुलं परत येतात.

आता ही फाईल जरा उघडून पाहू. अक्षरांचा आकार १४, ओळींमधलं अंतर दीडपट आणि चारही बाजूंना एक-एक इंचाचा, म्हणजे २.५४ सेंमीचा समास.

समास म्हटल्यावर दचकू नका! व्याकरणातला नव्हे, वहीत पट्टीनं आखतो तो. ए-फोर कागद २१ सेंमी रुंद आणि २९.७ सेंमी उंच असतो. क्षेत्रफळ किती? सुमारे ६२४ चौरस सेंमी. चारही बाजूंनी २.५४ सेंमी सोडले, तर लिहायला उरतात फक्त ३९२ चौरस सेंमी. म्हणजे शंभरातले सुमारे ६३ भाग मजकुराचे आणि ३७ भाग कोरे! आहे की नाही गंमत?

आता एकेक पायरी करू. गणिताची वही घेऊन बसलात तर उत्तम.

पायरी पहिली : समास दीड सेंमीचा करा. लिहायची जागा होते १८ गुणिले २६.७, म्हणजे सुमारे ४८१ चौरस सेंमी. साठ पृष्ठांचा मजकूर ४९ पृष्ठांत मावतो.

पायरी दुसरी : ओळींमधलं अंतर दीडऐवजी १.१५ करा. ४९ ची झाली ३८.

पायरी तिसरी : अक्षर १४ ऐवजी १२ आकाराचं करा. अक्षर रुंदीतही लहान होतं आणि उंचीतही. एका ओळीत जास्त अक्षरं बसतात, शिवाय एका पृष्ठावर ओळीही जास्त बसतात. म्हणून फायदा दुहेरी! ३८ ची झाली २८.

पायरी चौथी : कागदाच्या दोन्ही बाजूंना छापा. २८ पृष्ठं बसली १४ पानांवर.

साठ पानांऐवजी चौदा! आणि ३ रुपये दरानं खर्च १८० वरून ८४ रुपये. एक शब्दसुद्धा गाळलेला नाही, बरं का. फाईलमध्ये चित्रं आणि तक्ते असतील तर आकडा थोडा बदलेल, पण हिशेबाची रीत हीच.

कागद वेगळा, शाई वेगळी

आता एक फसवा प्रश्न. वरच्या चार पायऱ्यांपैकी शाई किती पायऱ्यांनी वाचली?

फक्त एका पायरीनं! समास कमी केला काय किंवा दोन्ही बाजूंना छापलं काय, अक्षरं तेवढीच राहतात. मग शाईही तेवढीच लागणार. अक्षर लहान केलं तेव्हाच शाई कमी लागली.

शाई खऱ्या अर्थानं खातात ते काळे-निळे पट्टे, रंगीत पार्श्वभूमी, पानभर फोटो आणि विनाकारण ठळक केलेले परिच्छेद. काळ्या चौकटीत पांढरं शीर्षक दिसायला ऐटबाज असतं, पण प्रिंटरला अख्खी चौकट रंगवावी लागते. ती काढून साधं काळं शीर्षक ठेवा. घरी प्रिंटर असेल तर ‘ड्राफ्ट’ नावाची सोय वापरा. छपाई थोडी फिकट येते, पण कच्च्या कामाला ती पुरे. (लेझर प्रिंटरमध्ये पातळ शाई नसते, टोनर नावाची बारीक पूड असते. नियम मात्र तोच.)

चौदा वर्षांच्या मुलाचा प्रयोग

अमेरिकेतल्या पिट्सबर्गजवळ सुवीर मिरचंदानी नावाचा भारतीय वंशाचा एक मुलगा राहत होता. माध्यमिक शाळेत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की शिक्षक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त छापील कागद वाटतात. त्यानं विज्ञान प्रदर्शनासाठी हाच विषय घेतला. इंग्रजीत सर्वांत जास्त वापरली जाणारी काही अक्षरं निवडली, ती चार वेगवेगळ्या टाइपांत पाहिली आणि कुठल्या टाइपाला किती शाई लागते ते मोजलं. एवढंच नाही, तर ती अक्षरं मोठी करून जाड कागदावर छापली, कापली आणि चक्क तराजूत तोलली! ‘गॅरामॉन्ड’ हा बारीक रेषांचा टाइप वापरला तर शाई २४ टक्के वाचेल आणि त्याच्या भागातल्या शाळांचे वर्षाला सुमारे २१ हजार डॉलर वाचतील, असं उत्तर त्यानं काढलं. २०१४ साली, तो चौदा वर्षांचा असताना, ही बातमी जगभर गाजली.

पण गोष्ट इथे संपत नाही. टाइपांचे जाणकार म्हणाले, “थांबा! गॅरामॉन्डचा १२ आकार हा दुसऱ्या टाइपांच्या १२ पेक्षा मुळातच लहान दिसतो. मग शाई वाचली ती टाइपामुळे, की अक्षर लहान झाल्यामुळे?” मुद्दा बरोबर होता. म्हणून सुवीरचा प्रयोग फुकट गेला का? मुळीच नाही! एका मुलानं प्रश्न विचारला, मोजमाप केलं, आणि मोठमोठ्या माणसांना त्यावर विचार करावा लागला. विज्ञान असंच तर पुढे जातं.

आपल्या मराठीतही हे करून बघता येईल. संगणकावर ‘मंगल’ आणि ‘कोकिला’ हे दोन टाइप असतील, तर एकच परिच्छेद दोन्हींमध्ये १२ आकारात लावून बघा. कोकिलातला मजकूर कितीतरी कमी जागेत बसेल, पण अक्षरंही बारीक दिसतील. तेव्हा नुसता आकडा पाहू नका, डोळ्यांना काय दिसतं ते पाहा.

मराठीची आणखी एक खुबी आहे. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा आणि अनुस्वार असतात, तर पायाशी उकार असतात. म्हणून ओळी इंग्रजीइतक्या जवळ आणता येत नाहीत. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकला, की वाचणारा अडखळलाच! जोडाक्षरं तर फार लहान केली की काळा ठिपकाच होतात.

आणि एक सूचना. जुन्या, युनिकोड नसलेल्या टाइपात केलेली फाईल असेल, तर टाइप बदलायला जाऊ नका. ‘शाळा’ च्या जागी काहीतरी अगम्य चिन्हं उमटतील!

ए-फोरची जादू

कधीकधी फाईल पीडीएफ असते. तिच्यातली अक्षरं, ओळी सहज बदलता येत नाहीत. मग काय करायचं? तेव्हा ए-फोर कागदाची जादू कामाला येते.

एक ए-फोर कागद घ्या आणि बरोबर मध्ये दुमडा. अर्धा भाग मूळ कागदाचीच छोटी प्रत दिसेल. पटत नाही? २९.७ ला २१ ने भागा. उत्तर येईल १.४१४. आता अर्ध्या कागदाचं माप घ्या. २१ ला १४.८५ ने भागा. पुन्हा १.४१४! हे आहे दोनचं वर्गमूळ. या प्रमाणातला कागद कितीही वेळा अर्धा केला तरी त्याचा आकार बदलत नाही. १७८६ साली लिश्टेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं एका पत्रात ही गंमत लिहून ठेवली होती. १९२२ मध्ये जर्मनीनं त्यावरून कागदांची मापं ठरवली. आज आपणही तीच वापरतो.

म्हणूनच एका बाजूला दोन पृष्ठं शेजारी-शेजारी छापली, तरी ती अगदी फिट्ट बसतात. १४ आकाराचं अक्षर सुमारे १० चं होतं, म्हणजे वाचता येण्याजोगं. ताईची फाईल पीडीएफ असती, तरी साठ पृष्ठं अशा रीतीनं दोन्ही बाजूंना छापून १५ पानांत बसली असती. दुकानात एवढंच म्हणायचं, “काका, एका बाजूला दोन पृष्ठं घ्या आणि पाठपोट छापा.”

मोठी माणसंही हेच करतात

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या कामासाठी लांबट कागदावर, एकाच बाजूला मजकूर छापायची जुनी पद्धत होती. १ एप्रिल २०२० पासून न्यायालयानं ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंना छपाई असा नियम केला. पण गंमत बघा. अक्षर १४ चं, ओळींमधलं अंतर दीडपट आणि डावी-उजवीकडे ४ सेंमीचा समास मात्र ठेवला. कारण ती कागदपत्रं शिवली जातात, त्यांच्या कडेला टिपा लिहिल्या जातात आणि ती तासन्‌तास वाचावी लागतात. म्हणजे मोकळी जागा नेहमी वायाच जाते असं नाही. तिचं काम काय, हे आधी विचारायचं.

आणि घरातलंच उदाहरण हवं असेल, तर स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बघा. १९७३ साली सुरू झालेल्या ‘कालनिर्णय’ च्या पानाची मागची बाजू कोरी सोडलेली नसते. तिथे पाककृती आणि लेख असतात!

इथे मात्र काटकसर नको

आजी-आजोबांना वाचायची पोथी, ज्यांची नजर कमजोर आहे अशा मित्राचा धडा, दारावर लावायची सूचना आणि परीक्षेची प्रश्नपत्रिका यांची अक्षरं मोठीच हवीत. फाईलला भोकं पाडायची असतील, तर डावीकडचा समास मोठा ठेवा. कागद फार पातळ असेल तर मागची अक्षरं पुढे दिसतात, मग पाठपोट छपाई त्रासाची होते. वाचताच न येणारा कागद छापला, तर तो सगळाच वाया गेला की! काटकसर आणि कंजूषी यांत फरक आहे तो इथेच.

करून पाहा

१) दोन कोरे ए-फोर कागद एकावर एक ठेवून मध्ये दुमडा. आठ पृष्ठांची पुस्तिका तयार! क्रमानं १ ते ८ आकडे घाला आणि कागद सुटे करा. शेजारी-शेजारी कोणते आकडे आले? १ शेजारी ८, २ शेजारी ७... प्रत्येक जोडीची बेरीज ९! छापखान्यातला सोळा पृष्ठांचा ‘फर्मा’ ही अशीच घड्यांची करामत असते.

२) कागदाच्या पुडक्यावर ‘८० जीएसएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन ८० ग्रॅम. एक चौरस मीटरमध्ये १६ ए-फोर कागद बसतात. मग एका कागदाचं वजन किती? आणि ५०० कागदांच्या रीमचं? (उत्तर : ५ ग्रॅम आणि अडीच किलो.)

३) घरातले एका बाजूला कोरे असलेले कागद जमवा, मधोमध शिवा. गणिताची कच्ची वही झाली!

पालकांसाठी दोन शब्द

मुलांचा प्रकल्प म्हणून इंटरनेटवरची वीस पृष्ठं जशीच्या तशी छापून आणली जातात, पण वाचली जातात का? छापण्याआधी मुलांना शेजारी बसवून तीन प्रश्न विचारा. हे छापायलाच हवं का? सगळं हवं, की ठरावीक पृष्ठंच? आणि हे कोण वाचणार आहे? मग छपाईआधीचं चित्र, म्हणजे ‘प्रिंट प्रिव्ह्यू’, उघडून एकदा पाहा. शेवटच्या पृष्ठावर दोनच ओळी किंवा नुसती जाहिरात असेल, तर ती तिथेच दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते मुलांनाच करू द्या.

कागद कधी लाकडाचा, बांबूचा, कधी उसाच्या चिपाडांचा, तर कधी रद्दीचा बनतो. कशाचाही बनवा, त्याला पाणी आणि वीज लागतेच. तेव्हा बालमित्रांनो, पुढच्या वेळी प्रिंट काढायला गेलात, की विड्याचं पान आठवा. खुडण्याआधी बघायचं, मोजायचं, आणि लागेल तेवढंच घ्यायचं!