भाचेबुवांचे शून्य

वसुबारसेच्या संध्याकाळी आमचे भाचेबुवा काटोलची बस पकडून आपल्या घरी जायचे सोडून धरमपेठेत आमच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच मी ओळखले की कुठेतरी पाणी मुरते आहे. अमावास्येला अजून तीन दिवस होते. स्वारीच्या चेहऱ्यावर ती आधीच आली होती. हातपाय धुऊन झाले, पुढे चकली ठेवली गेली, पण चकलीला हात लागेना. शेवटी म्हणतो, "मामाजी, मी कॉलेज सोडून राहिलो."

हा मुलगा दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. गणितात हुशार. काटोलजवळच्या खेड्यात भाऊजींची संत्र्याची बाग आहे, आणि आंब्या बहाराच्या भरवशावर त्यांनी नागपुरातल्या एका कॉलेजात याची कॉम्प्युटर शाखेची फी भरलेली. पहिल्याच चाचणीत वीसपैकी दोन गुण! घरी अजून कोणाला सांगितलेले नाही, आणि भाऊबीजेला आई-वडील दोघेही आमच्याकडे यायचे आहेत.

"अभ्यास केला नव्हतास का?" मी विचारले.

"केला ना! वीस प्रोग्राम पाठ केले होते. पेपरात एकविसावा आला."

आता मला कॉम्प्युटरमधले ओ की ठो कळत नाही. माझी हयात सरकारी कचेरीत दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. परंतु पाठ केलेला हिशेब कसा ओळखावा, हे मात्र त्या नोकरीने मला पक्के शिकवले आहे. मी विचारले, "त्या एकविसाव्या प्रश्नात करायचे काय होते, ते मला मराठीत सांग." तर त्याला तेही सांगता येईना. प्रोग्राम म्हटला की लगेच कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी शब्द. काय करायचे ते ठरण्याआधीच लिहायला सुरुवात!

वाचकहो, आपण शाळेत गणित सोडवताना वहीत आधी 'रीत' लिहीत होतो, आठवते? हे कॉम्प्युटरवाले ज्याला अल्गोरिदम म्हणतात ती दुसरे काही नसून रीतच. शब्दाची कुळकथाही मजेशीर आहे. नवव्या शतकात बगदादला अल्-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या लॅटिन भाषांतरात त्याच्या नावाचे जे रूप झाले, त्यातून हा शब्द निघाला. म्हणजे आपल्याच अंकांची रीत परदेश हिंडून इंग्रजी पोशाखात परत आली आणि आमचे भाचेबुवा तिला भिऊन बसले!

मी लॅपटॉप कपाटात ठेवायला लावला आणि त्याच्यापुढे संत्र्यांची टोपली ओढली. म्हटले, "यातले सर्वांत मोठे संत्रे काढ."

त्याने एक नजर टाकली आणि उचलले.

"कसे काढलेस?"

"पाहून."

"यंत्राला असे एका नजरेत पाहता येत नाही. त्याला एका वेळी दोनच संत्री तोलून बघता येतात, असे धर आणि सांग."

थोडा वेळ गेला. मग लिहिले: पहिले संत्रे डाव्या हातात घ्या. टोपलीतले एक उजव्या हातात घ्या. उजवे मोठे असेल तर ते डावीकडे घ्या, नसेल तर बाजूला ठेवा. टोपली संपेपर्यंत हेच करा. शेवटी डाव्या हातात राहील ते सर्वांत मोठे. पंचवीस संत्र्यांना चोवीस तुलना. स्वारीला स्वतःचेच कौतुक वाटले. इतक्यात वाती वळत बसलेली माझी आई म्हणाली, "आणि टोपली रिकामी असली तर रे?"

भाचेबुवा गप्प! पहिली ओळच अडली. त्याला हा प्रश्न वर्गात कोणी विचारला नव्हता, आणि आजीने शाळेचे तोंड चौथीपर्यंतच पाहिलेले.

धनत्रयोदशीला पत्ते काढले. रमीची तेरा पाने एकेक उचलून हातात जागच्या जागी लावायची, पण प्रत्येक हालचाल तोंडाने बोलत. आजीने एक ते हजारमधला आकडा मनात धरला आणि तो दहा प्रश्नांत ओळखायचा ठरला: पाचशेपेक्षा मोठा का, साडेसातशेपेक्षा मोठा का, असे दर वेळी निम्मे टाकून देत. चकली संपू लागली होती, हे मी मुद्दाम नमूद करतो.

आणि मग मी माझी ठेवणीतली संख्या काढली. देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे १९६२ पर्यंत शाळेत शिकवत राहिले. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक शोध मांडला. कोणतीही चार आकडी संख्या घ्या. मात्र चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेली संख्या वजा करा. उत्तराला पुन्हा हेच करा. फार तर सात वेळा, आणि तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. १९६० घ्या. महाराष्ट्र राज्य झाले ते साल, आणि आज व्हीएनआयटी म्हणून ओळखले जाणारे कॉलेज आपल्या नागपुरात निघाले तेही. ९६१० वजा ०१६९ म्हणजे ९४४१. पुढे ७९९२, ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि सातव्या खेपेला ६१७४. भारतात पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक १९५५ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, आला. मास्तरांनी हे त्याआधीच करून ठेवले होते. पुढे १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला हे नाव कळले.

भाचेबुवांनी एका रात्रीत याची रीत कागदावर लिहिली आणि नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नानाच्या आधीच, लॅपटॉप बाहेर आला. प्रोग्राम चालला! दहा संख्या घातल्या, दहाही वेळा ६१७४. मामीने कौतुकाने किराण्याचे बिल वाचून दाखवले: "दोन हजार एकशे अकरा घाल बरे."

उत्तर आले शून्य.

"मशीन चुकून राहिली," भाचेबुवा म्हणाले.

तपासनीस म्हणून मी ही सबब हजार वेळा ऐकली आहे. मी खतावणीसारखे रकाने आखून दिले: मूळ संख्या, उतरती, चढती, वजाबाकी. प्रत्येक पायरीला एक ओळ, आणि यंत्र जे करील तेवढेच हाताने करायचे, शहाणपण न वापरता. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. पुन्हा अंक लावले: ९९९ वजा ९९९. शून्य! पेन्सिल थांबली. बराच वेळ तो त्या ओळीकडे बघत होता. मग एकदम ओरडला, "मामाजी, शून्य पडलं! ते ०९९९ आहे!"

खरेच होते. पुढचे शून्य धरले तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. यंत्राने पुढचे शून्य बिनकामाचे समजून टाकून दिले होते, आणि यंत्राला तसे करू दिले होते भाचेबुवांनी. किती संख्यांना हा अपघात होतो हे त्याने त्याच दिवशी मोजले. हजारापासून पुढच्या ८,९९१ योग्य संख्यांपैकी फक्त ६८. म्हणजे ८,९२३ वेळा बरोबर येणारा चुकीचा हिशेब! आमच्या कचेरीत असल्या अडुसष्टांच्या शोधात माणसे निवृत्त होत. आजकाल प्रश्न टाकला की सबंध प्रोग्राम लिहून देणारी सोय मोबाइलवर आहे, आणि याच्याकडेही ती होती. पण दिलेला प्रोग्राम या अडुसष्टांत आपटेल की नाही, हे विचारायचे सुचण्यासाठी एकदा स्वतः आपटावे लागते असे माझे मत आहे. मुलांकडून प्रोग्राम पाठ करवून घेणाऱ्यांना ते पटेल न पटेल.

लक्ष्मीपूजनाला आणखी एक तमाशा झाला. स्वारीने दोन आकडी संख्या घेतल्या. 'लागोपाठ तेच उत्तर आले की थांब' असे यंत्राला सांगितलेले, आणि यंत्र थांबेना! लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला, मामीला वाटले आता पूजेत स्फोट होतो. पुन्हा रकाने आखले. ७१ पासून ५४, मग ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. कोल्हूचा बैल! लागोपाठ तेच उत्तर कधी येणारच नव्हते. आधी आलेल्या सगळ्या उत्तरांची यादी ठेवायची आणि त्यातले कोणतेही पुन्हा आले की थांबायचे, हे त्याचे त्यालाच सुचले. मी फक्त शिरा खात होतो.

भाऊबीजेला ओवाळणी झाली. भाऊजींनी बागेतल्या संत्र्यांची पेटी उतरवली आणि सहज विचारले, "काय म्हणते परीक्षा?"

बहीण माझ्याकडे बघू लागली. मी खाली बघितले.

"वीसपैकी दोन मिळाले, बाबा," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात पुन्हा चाचणी आहे. मी देणार."

भाऊजी काही बोलले नाहीत. पेटीची दोरी सोडत राहिले. मुलगा त्यांच्याशेजारी बसला आणि जरा वेळाने त्यानेच विचारले, "बाबा, तुम्ही मालाची प्रतवारी कशी करता? म्हणजे हातात संत्रं आलं की आधी काय बघता?" भाऊजींनी एक संत्रे उचलले, फिरवले, साल दाबून पाहिली आणि सांगू लागले. हा वहीत लिहून घेऊ लागला. मध्येच म्हणे, "थांबा, डाग असेल पण आकार मोठा असेल तर?" भाऊजी थांबले. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. विचार करून उत्तर दिले, आणि मग आणखी दोन अपवाद आपणहून सांगितले.

जेवणानंतर सगळी मंडळी आडवी झाली. भाचेबुवा अंगणात कागद पसरून बसले होते. आता पाच आकडी संख्या घेतल्या होत्या आणि एकच मुक्काम शोधणे चालले होते. पाच आकड्यांना एकच मुक्काम नाही, तीन वेगवेगळी चक्रे आहेत आणि संख्या त्यातल्या कोणत्या तरी एकात सापडते, हे मी वाचले होते. मी काही सांगितले नाही. मी आत जाऊन झोपलो.