क्लचच्या दोषांचे निदान : लक्षणापासून कारणापर्यंत

आंतर्ज्वलन एंजिनाला शून्य वेगापासून भार उचलून फिरणे साधत नाही. ते एका किमान वेगाने फिरत असेल तरच त्यापासून उपयुक्त कार्य मिळते. उलटपक्षी मोटारीची चाके प्रत्येक वेळी स्थिर अवस्थेतूनच फिरू लागतात. फिरते एंजिन आणि स्थिर चाके यांची जोड धक्का न बसू देता करणे, व गिअर बदलताना ती क्षणभर तोडणे, ही दोन कामे क्लचकडे असतात. जोडताना घर्षण अटळ असल्यामुळे झीज हा क्लचचा स्वभावधर्मच होय. तथापि क्लचविषयीची प्रत्येक तक्रार झिजेचीच असते असे नाही.

या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे. क्लच एंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये बंदिस्त असतो आणि तो प्रत्यक्ष पाहावयाचा तर बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हे काम कित्येक तासांचे व खर्चाचे असते. निदान चुकले तर नवी क्लचप्लेट बसते, पैसे खर्च होतात आणि मूळ दोष तसाच राहतो. म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी, बाहेरून मिळणाऱ्या लक्षणांवरूनच दोषाचे स्थान शक्य तितके निश्चित करणे इष्ट ठरते. त्यासाठी कोणती चाचणी काय सिद्ध करते आणि काय सिद्ध करीत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना व गणित

क्लचप्लेट ही दोन्ही बाजूंस घर्षणद्रव्य बसविलेली चकती होय. ती गिअरबॉक्सच्या आगत दांड्यावरील खाचांवर सरकू शकते. एंजिनाचे फ्लायव्हील एका बाजूस आणि प्रेशरप्लेट दुसऱ्या बाजूस, यांच्यामध्ये डायफ्रॅम स्प्रिंगच्या जोरावर ती आवळली जाते. पेडल दाबले असता केबलच्या किंवा द्रवाच्या दाबाच्या साहाय्याने रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगची बोटे दाबली जातात आणि प्रेशरप्लेट मागे हटून चकती मोकळी होते. ‘मारुती ८००’ या १९८३ ते २०१४ या काळात तयार झालेल्या मोटारीत केबलची योजना होती. इतर अनेक मोटारींत मास्टर सिलिंडर व स्लेव्ह सिलिंडर यांची द्रवचलित योजना असते.

क्लच जास्तीत जास्त किती टॉर्क वाहू शकेल, हे चार राशींच्या गुणाकाराने ठरते : घर्षण-गुणांक, आवळणारी प्रेरणा, घर्षणपृष्ठांची सरासरी त्रिज्या आणि पृष्ठांची संख्या. उदाहरणादाखल गुणांक ०.३, प्रेरणा ४,००० न्यूटन, त्रिज्या ०.०९ मीटर आणि पृष्ठे २ असे धरले, तर क्लचची क्षमता २१६ न्यूटन-मीटर येते. सुमारे १.२ लिटरच्या पेट्रोल एंजिनाचा महत्तम टॉर्क ११० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे निरोगी क्लचपाशी जवळजवळ दुप्पट क्षमता राखीव असते. आता घर्षणपृष्ठावर तेल आले व गुणांक ०.१ पर्यंत उतरला असे मानू. क्षमता ७२ न्यूटन-मीटर होईल. अशी मोटार सपाट रस्त्यावर, हलक्या भाराखाली, पूर्वीसारखीच धावेल. परंतु एंजिनावर पूर्ण भार पडताच क्लच घसरू लागेल.

घसरणारा क्लच

घसरण प्रथम वरच्या गिअरमध्ये, चढावर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता का प्रकट होते, याचे उत्तर वरील गणितात आहे. बोरघाट चढताना एंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, आणि जळकट वास येतो, ही तक्रार या वर्गातील होय.

घसरण मोजताही येते. क्लच पूर्ण जोडलेला असताना कोणत्याही एका गिअरमध्ये एंजिनाचे फेरे आणि मोटारीचा वेग यांचे गुणोत्तर स्थिर असते. समजा, चौथ्या गिअरमध्ये सपाटीवर ताशी ५० किलोमीटर वेगाला मिनिटास २,००० फेरे होतात. त्याच गिअरमध्ये, त्याच वेगाला, चढावर २,३०० फेरे दिसले, तर वरचे ३०० फेरे क्लचमध्ये वाया जात आहेत. त्या वेळी १०० न्यूटन-मीटर टॉर्क वाहत असेल, तर क्लचमध्ये सुमारे ३.१ किलोवॅट उष्णता निर्माण होते. दीड किलोवॅटच्या दोन विजेच्या शेगड्या त्या बंदिस्त जागेत पेटविल्यासारखेच हे आहे. घसरणारा क्लच तसाच हाकीत राहिल्यास तो झपाट्याने निकामी का होतो, हे यावरून स्पष्ट होईल.

कार्यशाळेत रूढ असलेली दुसरी चाचणी अशी : हातब्रेक घट्ट ओढून व चाकांना अडणी लावून, वरचा गिअर घालावयाचा आणि मंद चालणाऱ्या एंजिनावर पेडल सोडावयाचे. एंजिन तत्काळ बंद पडावयास हवे; ते चालूच राहिले तर क्लच घसरतो हे निश्चित. परंतु याचा व्यत्यास खरा नाही. मंद चालीवर एंजिनाचा टॉर्क अल्प असतो. ७२ न्यूटन-मीटर क्षमतेचा दोषी क्लचही त्याला सहज थांबवील. तेव्हा या चाचणीत उत्तीर्ण झालेला क्लच निर्दोष ठरत नाही. शिवाय ती वारंवार केल्यास क्लच तापतो.

घसरण सिद्ध झाली, तरी कारण अद्याप सिद्ध झालेले नसते. प्रथम पेडलचा मोकळा खेळ पाहावा. केबलच्या जुन्या धर्तीच्या योजनेत चकती झिजते तसतशी स्प्रिंगची बोटे रिलीज बेअरिंगकडे सरकतात व हा खेळ कमी होतो. तो शून्य झाला की बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहते आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच अंशतः सुटलेला राहतो. वेळीच केबल जुळवून घेतल्यास येथे गिअरबॉक्स उतरविण्याचे कारण नाही. द्रवचलित योजनेत मास्टर सिलिंडरचे परतीचे छिद्र बुजले तर द्रवाचा दाब कोंडून राहतो व हाच परिणाम घडतो. स्लेव्ह सिलिंडरचा हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल करताच घसरण थांबली, तर दोष तेथे आहे. या बाह्य कारणांचे निरसन झाल्यावरच झिजलेली किंवा तेलकट चकती आणि दुर्बल स्प्रिंग यांच्याकडे वळावे.

न सुटणारा क्लच

याच्या उलट दोष म्हणजे पेडल तळापर्यंत दाबूनही चकती पूर्ण मोकळी न होणे. गिअर घालणे जड जाते, आणि रिव्हर्स घालताना करकर होते. येथे पहिला प्रश्न असा, की दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा? एंजिन बंद करून गिअर घालून पाहावेत. तेव्हाही ते जड जात असतील, तर दोष गिअर बदलण्याच्या दांड्यांत वा गिअरबॉक्समध्ये आहे. एंजिन बंद असताना सहज, पण चालू असताना जड, असे असेल तर संशय क्लचवर येतो.

त्याची खात्री रिव्हर्सने करता येते, कारण अनेक मोटारींत या गिअरला वेग जुळवून घेणारी सिंक्रोमेशची सोय नसते. एंजिन मंद चालू ठेवून पेडल पूर्ण दाबावे, सुमारे दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स घालावा. हे थांबणे आवश्यक आहे. निरोगी क्लचमध्येही चकती जडत्वामुळे काही काळ फिरत राहते. थांबूनही करकर झाली, तर चकती एंजिनाबरोबर ओढली जात आहे.

द्रवचलित योजनेत पेडल लागोपाठ अनेकदा दाबल्याने गिअर सुलभ पडू लागले, तर द्रवात हवा शिरली आहे किंवा द्रव कमी झाला आहे. पेडल एका जागी स्थिर दाबून धरले असता गिअरमधील मोटार हळूहळू पुढे सरकू लागली, तर मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत गळत असावे. केबलची योजना असल्यास ताणलेली किंवा गंजलेली केबल पाहावी. रिलीज फोर्कची हालचाल मोजून ती निर्मात्याने सांगितल्याइतकी पूर्ण भरली, आणि तरीही चकती सुटत नसली, तरच दोष आत आहे असे म्हणता येते : वाकलेली चकती, खाचांवर अडकलेला तिचा मध्यभाग, किंवा फ्लायव्हीलच्या केंद्रातील जाम झालेले पायलट बेअरिंग. कोकणातील पावसाळ्यात दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीत चकती गंजाने फ्लायव्हीलला चिकटूनही बसते.

आवाज व थरथर

आवाजाचे निदान तो केव्हा येतो यावरून करावे. गिअर न्यूट्रलमध्ये असताना पेडल हलकेच दाबताच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंगचा संशय घ्यावा. पेडल सोडलेले असता येणारा आवाज ते दाबताच थांबला, तर बहुधा गिअरबॉक्सच्या आगत दांड्याचे बेअरिंग सदोष आहे, कारण पेडल दाबल्यावर तो दांडा फिरावयाचा थांबतो. पेडल पूर्ण दाबून गिअर घातल्यावरच आवाज येत असेल, तर पायलट बेअरिंग पाहावे, कारण त्या वेळी दांडा स्थिर आणि फ्लायव्हील फिरते असते.

मोटार निघताना होणारी थरथर तेलकट चकतीमुळे किंवा तापून डाग पडलेल्या फ्लायव्हीलमुळे होते. पण एंजिनाच्या तुटलेल्या रबरी बैठकांमुळेही नेमकी तशीच थरथर होते. बैठका बाहेरूनच तपासता येत असल्यामुळे त्यांचा क्रम आधी लागतो.

उपसंहार

वरील विवेचनातून एकच सूत्र निष्पन्न होते. प्रत्येक लक्षणाची कारणे एकाहून अधिक असतात. म्हणून दोन कारणांमध्ये निवड करून देणारी, आणि कमीत कमी उकल करावी लागणारी चाचणी प्रथम घ्यावी. गिअरबॉक्स उतरविल्यानंतरही निदान संपत नाही. चकती तेलकट आढळली, तर ते तेल एंजिनाच्या मागील सीलमधून आले की गिअरबॉक्सच्या पुढील सीलमधून, हे शोधलेच पाहिजे. अन्यथा नवी चकतीही त्याच मार्गाने जाईल. आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण जुन्या घर्षणद्रव्यांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. बदललेला भाग हा निदानाचा पुरावा नव्हे. बदलण्यापूर्वी ज्या भाराखाली व ज्या गिअरमध्ये दोष दिसला होता, त्याच परिस्थितीत तो पुन्हा दिसत नाही, हे तपासल्यावरच निदान पूर्ण झाले असे समजावे.