धांवणाऱ्यांच्या मागें उभीं असणारीं माणसें

शर्यत पाहावयास जमलेल्या समुदायाची दृष्टि स्वभावतःच सर्वांत पुढें असलेल्या धांवपटूवर खिळलेली असते. परंतु त्याच वेळीं कोणी वळणावर उभा राहून वाट दाखवीत असतो, कोणी घड्याळाच्या कांट्यावर डोळा ठेवून असतो, कोणी पाण्याच्या घागरीपाशीं थांबलेला असतो आणि कोणी सर्वांत मागें राहिलेल्याच्या सोबतीनें सावकाश पावलें टाकीत येत असतो. हीं माणसें धांवत नाहींत. पण तीं नसतीं तर शर्यतच झाली नसती. धांवणें हा एकट्याचा व्यायाम मानला जातो. वस्तुतः तो जेथें टिकला व फळास आला, तेथें तो न धांवणाऱ्यांच्या श्रमांवरच उभा राहिलेला दिसतो. महाराष्ट्रांतील शहरांत व गांवांत निघूं लागलेल्या धांवमंडळांचा विचार करतांना हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं हा विषय केवळ हौसेचा नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगणारा आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा १२ वा गट हिंगोलीसच आहे; आणि मराठवाड्यांतील इतर भागांप्रमाणें येथल्याहि अनेक शेतकरी कुटुंबांची आशा पोलीसभरतीकडे लागलेली असते. अलीकडील भरतींत शिपायाच्या शारीरिक चाचणीला ५० गुण ठेवलेले असून त्यांपैकीं २० गुण एकट्या लांब धांवेचे आहेत. पुरुषांसाठीं ही धांव १६०० मीटरांची, स्त्रियांसाठीं ८०० मीटरांची. म्हणजे एखाद्या घराचें पुढील तीस वर्षांचें अन्न पांचसात मिनिटांच्या धांवेवर ठरावयाचें! त्याच पहांटे, त्याच रस्त्यानें, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या धाकानें बाहेर पडलेले वकील, शिक्षक, व्यापारीहि चालत असतात. एकाला नोकरी हवी, दुसऱ्याला आरोग्य. दोघेहि बहुधा आपापल्या बुद्धीप्रमाणें, एकटेच आणि अंधारांत वाहनांच्या वाटेंतून जात असतात. या विखुरलेल्या माणसांना एकत्र आणणें, त्यांना सुरक्षित वाट व योग्य शिक्षण देणें, हें धांवमंडळाचें प्रयोजन होय.

ही कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी नवी नाहीं. तालमींत नांव होतें तें पैलवानाचें. पण हौद्यांतील माती खणून ती मऊ ठेवणारे हात दुसऱ्यांचे असतात, आणि पट्ठ्याची कुवत ओळखून त्याला मेहनत नेमून देणाऱ्या वस्तादानें स्वतः कुस्ती सोडून वर्षें लोटलेलीं असतात. दिंडीचेंहि तसेंच. शेगांवाहून पंढरपुरास जाणारी श्रीगजाननमहाराजांची पालखी सेनगांव, नामदेवांची नर्सी आणि औंढा नागनाथ अशी याच जिल्ह्यांतून जाते. चोपदार ओळ राखतो, वीणेकरी व टाळकरी आपापल्या जागा सोडीत नाहींत, आणि वाटेवरचीं गांवें पाणी व भाकरी घेऊन उभीं असतात. वारकरी आपल्या पायांनीं चालतो खरा. पण वारी चालते ती या व्यवस्थेवर. धांवमंडळ हें याच जुन्या शिस्तीचें नवें रूप आहे.

व्यवस्था करणाऱ्यांच्या हातून काय घडूं शकतें, याचा बोलका दाखला पुण्याचा आहे. डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ सालची. पुढें सर दोराबजी टाटा तिचे अध्यक्ष झाले व संस्थेच्या मैदानी सामन्यांस हजर राहिले, तेव्हां त्यांस असें दिसलें कीं, स्पर्धक बहुतेक शेतावर राबणारीं मुलें आहेत. साध्या अन्नावर वाढलेलीं, अनवाणी धांवणारीं, पद्धतशीर शिक्षणाचा गंधहि नसलेलीं. मैदान लहान व खडबडीत गवताचें होतें. त्यामुळें १०० यार्डांची शर्यत वळणावरून, आणि तीहि प्रत्येकाची वाट वेगळी करणाऱ्या दोऱ्यांवांचून घेण्याचा बेत होता! परंतु सुमारें २५ मैलांच्या शर्यतींत याच मुलांनीं खडीच्या रस्त्यावर अनवाणी धांवून लक्षांत घेण्याजोग्या वेळा दिल्या. टाटांनीं हा वृत्तांत १९२९ सालच्या आपल्या एका पत्रांत सविस्तर लिहून ठेवला आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. त्या मुलांच्या पायांतील शक्ति कोणीं निर्माण केली नव्हती, ती होतीच. पण ती घड्याळावर मोजली गेली, कागदावर टिपली गेली, म्हणूनच युरोपांतील धांवपटूंच्या वेळांशीं तिची तुलना करतां आली. १९१९ सालच्या सामन्यांस मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले असतां टाटांनीं हिंदी खेळाडूंना ऑलिंपिक सामन्यांस पाठविण्याची गोष्ट काढली, आणि १९२० सालीं ती सिद्धीस गेली. बेळगांवचे फडेप्पा दारेप्पा चौगुले अँटवर्प येथें मॅरॅथॉन धांवले. त्या वर्षीं हें अंतर नेहमींपेक्षां अधिक, म्हणजे ४२.७५ किलोमीटर होतें. चौगुल्यांनीं तें २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत तोडून १९ वा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार हेहि त्याच शर्यतींत उतरले होते. या प्रयत्नांतूनच पुढें १९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली. निकालाच्या कागदावर धांवणाऱ्याचें नांव असतें, मैदान आखणाऱ्याचें नसतें. परंतु आखलेलें मैदान आणि खरें घड्याळ यांवांचून तो कागदच निघत नाहीं.

तो प्रसंग असामान्य खेळाडूंचा झाला. सामान्य माणसांच्या धांवमंडळाचा आधुनिक नमुना इंग्लंडांत सांपडतो. २ ऑक्टोबर १९०४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २००४ सालच्या त्याच तारखेस, लंडनजवळच्या बुशी पार्क या उद्यानांत पॉल सिंटन-ह्यूइट या गृहस्थांनीं पांच किलोमीटरांची एक विनामूल्य धांव योजिली. दुखापतीमुळें त्यांस स्वतःला धांवतां येत नव्हतें. पण धांवणाऱ्या मित्रांची संगत सोडवत नव्हती. म्हणून ते घड्याळ घेऊन उभे राहिले. पहिल्या दिवशीं अवघे १३ जण धांवले. शेवटच्या रेषेवर क्रम कळावा म्हणून लोखंडी सामानाच्या दुकानांतील वायसरांवर आंकडे ठोकून तीं बिल्ल्यांसारखीं हातीं दिलीं जात. या अल्प आरंभांतून पार्करन नांवाची चळवळ वाढली, आणि आज वीसाहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणीं ती दर आठवड्यास भरते. तिच्यासाठीं ना वर्गणी, ना बक्षीस. प्रत्येक ठिकाणचें काम तेथलेच स्वयंसेवक आळीपाळीनें करतात. तिची सर्वांत शहाणपणाची रीत अशी कीं, एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो. त्यामुळें शेवटचा क्रमांक नेहमीं त्याचा, आणि नवख्या माणसाला शेवटीं येण्याची लाज म्हणून उरत नाहीं.

या रीतीचें मर्म खोल आहे. धांवमंडळ मोडतें तें वेगवान माणसांवांचून नव्हे. तें मोडतें मागें पडलेला माणूस दुसऱ्या रविवारीं न आल्यामुळें. पन्नाशीची गृहिणी, अंगानें जड असलेला कारकून, गांवाहून नुकताच आलेला बुजरा मुलगा हीं पहिल्या दिवशीं मागेंच राहणार. त्यांच्यासाठीं कोणी थांबलें तर तीं पुन्हां येतात. सर्वजण निघून जाऊन मैदान ओस पडलेलें दिसलें, तर येत नाहींत.

स्वयंसेवकाचीं कामें दिसावयास लहान, पण नियमितपणाचीं आहेत. आदल्या दिवशीं वाट पाहून खड्डे, मोकाट कुत्रीं व रहदारी यांचा अंदाज घ्यावा लागतो. चौकांत व वळणावर उजळ कपडे घातलेला माणूस उभा करावा लागतो. येणाऱ्यांचीं नांवें टिपून, धांव संपल्यावर तितकीं माणसें परत आलीं कीं नाहीं हें ताडून पाहावें लागतें. मुली व स्त्रिया यावयाच्या असतील तर स्वयंसेवकांतहि स्त्रिया असणें अवश्य आहे. पहांटेच्या अंधारांत मुलीला घराबाहेर पाठवितांना आईबापांना हवा असतो तो ओळखीच्या माणसांचा भरंवसा. आणि तो भरंवसा निर्माण करणें हेंच अर्धें काम होय.

प्रशिक्षकाचें काम याहून निराळें. त्याला पुष्कळदां धांवावयास लावण्यापेक्षां आवरावेंच अधिक लागतें. नवा उमेदवार १६०० मीटरांच्या पहिल्या फेरींत सर्व बळ खर्ची घालतो. चारशें मीटरांच्या मैदानावर या चार फेऱ्या होतात; सहा मिनिटांत त्या संपवावयाच्या तर प्रत्येक फेरीस ९० सेकंद पडतात. पहिली फेरी ७५ सेकंदांत मारणारा मुलगा चौथ्या फेरींत जवळजवळ चालूं लागतो. प्रशिक्षक प्रत्येक फेरीची वेळ मोठ्यानें सांगतो, आणि कांहीं आठवड्यांत तीच गति मुलाच्या अंगीं मुरते. रोजच्या सरावाचा मोठा भाग तर बेताच्याच वेगानें व्हावा लागतो. धांवतां धांवतां सोबत्याशीं एक पूर्ण वाक्य बोलतां आलें पाहिजे, ही त्याची सोपी कसोटी. अंतर हळूहळू वाढविणें, आठवड्यांत विश्रांतीचे दिवस ठेवणें, नडगी किंवा गुडघा दुखत असतां घरीं बसविणें, हें सारें प्रशिक्षकाच्याच अधिकारांतलें. स्वतःच्या दुखण्याचा न्याय उमेदवाराला नीट करतां येत नाहीं. भरतीची तारीख त्याच्या डोळ्यांपुढें असते.

योग्य दृष्टीचा शिक्षक भेटला म्हणजे काय होतें, हें मराठवाड्यानेंच दाखविलें आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे अविनाश साबळे लहानपणीं शाळेसाठीं कित्येक किलोमीटर पायीं जात. ते खेळाडू म्हणून नव्हे, तर शिपाई म्हणून महार रेजिमेंटमध्यें गेले. तेथें अमरीशकुमार या प्रशिक्षकांनीं त्यांस अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळविलें. २०२२ सालच्या राष्ट्रकुल सामन्यांत साबळे यांचें सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या अंशानें हुकलें. २०२३ सालच्या आशियाई सामन्यांत त्यांनीं तें मिळविलें. नाशिक जिल्ह्याच्या सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनींहि विजेंद्रसिंह यांच्या शिक्षणाखालीं तयार होऊन २०१० च्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटर शर्यतीचें कांस्यपदक मिळविलें. दोघांचे कष्ट त्यांचेच. पण त्या कष्टांना दिशा देणारा डोळा दुसऱ्याचा होता.

उलट, हा डोळा नसला म्हणजे काय ओढवतें तेंहि विसरतां कामा नये. २०२४ सालीं झारखंडांत शिपाईभरतीसाठीं दहा किलोमीटर धांवतांना दहाहून अधिक तरुणांना प्राण गमवावे लागले. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेंत शरीराला उष्णतेची संवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तोंवर वेग व अंतर दोन्हीं कमी ठेवावीं लागतात. धांवणारा अडखळूं लागला, असंबद्ध बोलूं लागला, विचारलेल्या साध्या प्रश्नास उत्तर देईना, तर तो थकवा नसून उष्माघात समजावा. त्याला सावलींत निजवून सर्वांगावर गार पाणी ओतावें, ओल्या कापडानें मान व काखा थंड कराव्या, वारा घालावा आणि त्याच वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत पाणी घालूं नये. गाडी येईपर्यंत शरीर थंड करीत राहणें, यांतच जीव वांचण्याची आशा असते. हें ज्ञान प्रत्येक स्वयंसेवकाला असलें पाहिजे, कारण त्या क्षणीं जवळ असतो तो डॉक्टर नव्हे, स्वयंसेवकच.

शेवटीं प्रश्न उरतो तो टिकण्याचा. बहुतेक मंडळें एका उत्साही गृहस्थाच्या खांद्यावर उभीं राहतात आणि त्याची बदली झाली कीं बसतात. यावर उपाय एकच: काम वाटून घेणें. चार रविवारांपैकीं तीन रविवार धांवणाऱ्यानें चौथ्या रविवारीं घड्याळ किंवा पाण्याची घागर हातीं घ्यावी. हिशेबाची वही सर्वांना उघडी असावी. प्रशिक्षकाला जमेल तितकें मानधन द्यावें. तो तें न घेईल, तर निदान त्याचा शब्द प्रमाण मानावा. आणि भरतींत निवडला गेलेला मुलगा गणवेष चढवून सुटीवर गांवीं आला, म्हणजे त्यानें एक पहांट मैदानावर नव्या मुलांसाठीं द्यावी.

रामलीला मैदानावरचा हिंगोलीचा दसरा पिढ्यान्‌पिढ्या निभावून नेणाऱ्या गांवाला दहावीस माणसांची पहांट मिळणें अवघड नाहीं. सुशिक्षित कुटुंबांनीं आपल्याकडून एक घड्याळ, एक वही आणि आठवड्याचा एक तास इतकें दिलें, तरी आरंभास पुरेसें आहे. ज्यांना धांवतां येत नाहीं, त्यांचीच या कामांत अधिक गरज आहे.