कावीळ झाली, पण कोणती?

कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रत्यक्षात पंचाईत होते ती घरातल्यांची. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नाचा वासही नकोसा, एवढे दिसले की त्यांना सगळ्या काविळी सारख्याच वाटू लागतात. मग कुणी गळ्यात माळ घालायला नेते, कुणी हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देते, तर कुणी मनगटावर डाग द्यायला सुचवते. रक्त तपासलेच तर प्रश्न एकच असतो, ‘बिलिरुबिन किती?’

पण कावीळ हे रोगाचे नाव नाही, ते लक्षण आहे. विषाणूमुळे यकृताला सूज आली असेल, तर त्यामागे हिपॅटायटिसचा ए, बी, सी, डी किंवा ई विषाणू असू शकतो. रंगावरून त्यांतला नेमका कोणता, हे अनुभवी डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्यासाठी रक्ताची तपासणीच हवी.

कोल्हापूरचा धडा

१९८१ च्या उन्हाळ्यात कोल्हापूर शहरात काविळीची मोठी साथ आली. ती पाण्यातून पसरली होती. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तोपर्यंत ‘ए’ आणि ‘बी’ हे दोन विषाणू ओळखता येत होते. ही साथ मात्र त्या दोघांचीही नव्हती. अशा काविळीला तेव्हा ‘नॉन-ए, नॉन-बी’ म्हणत. म्हणजे काय नाही ते कळले होते, काय आहे ते कळायचे होते.

त्याचा उलगडा करण्यासाठी सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी विलक्षण धाडस केले. अशा काविळीच्या रुग्णांच्या विष्ठेचा अर्क ते स्वतःच प्याले! काही आठवड्यांनी त्यांना कावीळ झाली. त्यांच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणूचे कण दिसले. हे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९० च्या सुमारास या विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि तो ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

२०१२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्याच इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि काही जणांचा बळी गेला. या वेळी तपासणीने गुन्हेगाराचे नाव सांगितले, हिपॅटायटिस ई.

रिपोर्ट कसा वाचायचा?

काविळीच्या रिपोर्टमधले प्रत्येक नाव वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

बिलिरुबिन हा रक्तातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा आकडा. कावीळ किती चढली, एवढेच तो सांगतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींतली द्रव्ये. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. विषाणूच्या ताज्या हल्ल्यात हे आकडे हजारापलीकडेही जातात.

विषाणूचे नाव सांगणाऱ्या तपासण्या वेगळ्या. नवा संसर्ग झाला की शरीर सुरुवातीला ‘आयजीएम’ प्रकारची प्रतिद्रव्ये तयार करते. म्हणून ‘ए’ आणि ‘ई’साठी त्या त्या विषाणूची आयजीएम तपासणी करतात. ‘बी’साठी एचबीएसएजी पाहतात. हा विषाणूच्या आवरणाचा अंश असतो. तो सहा महिन्यांनंतरही रक्तात राहिला, तर आजार जुनाट झाला असे समजतात. ‘सी’ची प्रतिद्रव्ये उशिरा दिसू शकतात, त्यामुळे संशय असेल तर विषाणूचा आरएनए तपासावा लागतो.

राहिली ती प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवते. रक्त गोठायला जास्त वेळ लागू लागला, तर यकृत थकत चालले आहे, हा धोक्याचा इशारा. बिलिरुबिन उतरत असले तरी याकडे दुर्लक्ष करू नये.

नावाने काय साधते?

‘ए’ आणि ‘ई’ प्रामुख्याने दूषित अन्नपाण्यातून येतात. अशा वेळी घरातले पाणी उकळून घेणे, हात साबणाने धुणे आणि शेजारीपाजारी आणखी रुग्ण असतील तर नगरपालिकेला कळवणे निकडीचे. घरात गरोदर स्त्री असेल तर ‘ई’ची धास्ती घ्यायलाच हवी. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार झाल्यास २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. तिला वेळ न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावे.

‘बी’ रक्तातून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होतो. रिपोर्टमध्ये तो निघाला तर पती किंवा पत्नीचीही तपासणी करावी आणि गरज असेल तर लस द्यावी. अशा आईच्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर ते बहुधा वाचते. नुसते बिलिरुबिन पाहून थांबले, तर ही संधी हातची जाते.

माळेला यश का येते?

‘ए’ आणि ‘ई’चे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. श्रेय मात्र त्या काळात गळ्यात असलेल्या माळेला मिळते! झाडपाल्याचेही तसेच. कुंभकोणमकडे, किंबहुना साऱ्या तामिळनाडूत, काविळीवर ‘कीळानेल्ली’ म्हणजे आपला भुईआवळा देतात. मद्रासमधील शास्त्रज्ञांनी ‘बी’च्या जुनाट रुग्णांवर त्याचा प्रयोग केला. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेले निष्कर्ष उत्साहवर्धक होते. इतरत्र केलेल्या चाचण्यांत मात्र तसे यश मिळाले नाही. औषध खरे की वेळेचा गुण, हा निवाडाही शेवटी तपासणीच करते.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, फार झोपाळला, सतत उलट्या करू लागला किंवा त्याला रक्तस्राव झाला, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. कोणतीही गोळी, अगदी तापाचीसुद्धा, डॉक्टरांना विचारूनच द्यावी. आणि रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. त्यातले दूषित पाणीच कावीळ देऊ शकते.

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळायचे कारण नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘बी’ आणि ‘सी’ची तपासणी व उपचार ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की ‘किती?’ हे विचाराच, पण त्याआधी विचारा, ‘कोणती?’