करंट कुठपर्यंत आला?

सौसर सोडून जेमतेम पंधरा मिनिटं झाली आहेत आणि मामांची जीप पांढुर्ण्याच्या रस्त्याच्या कडेला मुकाट उभी आहे. नोव्हेंबरातला शनिवार. शेजारून जाम सावळीच्या मारुतीला निघालेल्या मोटारी जातायत, त्यातली पोरं वाकून आमच्याकडे बघतायत. बघण्यासारखंच आहे. जुनी पेट्रोल जीप, मागची बाकडी आणि हूड काढून तिथे लोखंडी डाला ठोकलेला, डाल्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची कॅरेटं एकावर एक. मामा या गाडीला पिकअप म्हणतात. त्यांची बाग म्हातारी होऊन दुसऱ्यांदा लावून झाली, गाडी तीच.

सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतंय. बॅटरी ठणठणीत. पेट्रोलचा वास तर नाकात बसलाय. पण पेट म्हणून घेत नाही.

“पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा,” मामा बोनेटवर हात आपटतात. “आधी कॉइल बदलली. मंग चारी प्लग. मंग कंडेन्सर. आता काय इंजिन बदलू?”

मिस्त्री येतात ते टीव्हीएसवरून, मागे एक पोट्टं आणि पोट्ट्याच्या मांडीवर पत्र्याची पेटी. सत्तरीचे असावेत. या भागात डिझेलचा मिस्त्री शोधायला वेळ लागत नाही. पेट्रोल जीपचं डेल्को उघडणारे मात्र संपत आले. गाड्याच संपल्या. बऱ्याच जणांनी जुन्या जीपांतलं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवलं, आणि डिझेलला मुळात प्लगची ठिणगी लागतच नाही. दाबून तापवलेल्या हवेत तेल फवारलं की ते आपोआप पेटतं.

मिस्त्री गाडीकडे न बघता मामांना विचारतात, “चालता चालता बंद पडली का उभी असताना?”

“खड्ड्यात आपटली अन् बंद.”

“अन् मागच्या खेपेले?”

“तेव्हाही चालतानाच.”

“हं,” म्हणून ते पहिल्या नंबरचा प्लग खोलतात. ओला आहे, म्हणजे पेट्रोल पोचतंय. प्लगच्या भोकावर चिंधी दाबतात, कारण सेल्फ मारल्यावर तिथून पेट्रोलची वाफ उडते. मग प्लग वायरला लावून, भोकापासून लांब, इंजिनाच्या लोखंडाला टेकवतात. “मार.” मामा सेल्फ मारतात. प्लगच्या टोकाशी काही नाही. आता डेल्कोच्या टोपीतली मधली जाड वायर उपसून, रबरी पकडीत धरून, लोखंडापासून बोटाच्या अर्ध्या जाडीवर. पुन्हा सेल्फ. तिथेही अंधार.

“टोपी, रोटर, प्लग, सगळे बेकसूर,” मिस्त्री म्हणतात. “करंट त्यांच्यापर्यंत आलाच नाई, मंग त्यांचा काय दोष?”

डेल्को हा शब्द मी लहानपणापासून ऐकतोय. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात, पण गॅरेजात ते नाव कोणी घेत नाही. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंगने 1909 साली डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली. तिची आद्याक्षरं म्हणजे डेल्को. त्याची ही पॉइंट-कॉइलची रचना पुढे जगभर पसरली आणि कंपनीचं नाव आमच्या संत्र्याच्या मुलखात एका भागाचं नाव होऊन बसलं. मला मिस्त्रींना हे सांगावंसं वाटतं, पण ते आत्ता टेस्ट लॅम्प काढतायत. छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा. बस्स.

चिमटा बॅटरीच्या अर्थिंगला. इग्निशन चालू. दुसरं टोक कॉइलच्या अधिक बाजूला: बल्ब लख्ख. “स्विचपासून इथवर रस्ता साफ.” मग उणे बाजूला: तिथेही उजेड. “आता सेल्फ मार.”

इंजिन फिरतं. बल्ब तसाच पेटलेला.

“चूक इथंच हाये,” ते माझ्याकडे वळतात, बहुधा मी वही काढली म्हणून. “हा बल्ब लुकलुकाले पाह्यजे होता.”

का, ते मी मनाशी जुळवतो. डेल्कोत पॉइंटची जोडी असते. ती मिटली की कॉइलमधला करंट पॉइंटमधून अर्थिंगला उतरतो, बल्ब विझतो. उघडली की तो तुटतो, बल्ब पेटतो, आणि त्याच तुटण्याच्या क्षणी कॉइलमधलं चुंबकत्व कोसळून बारा व्होल्टांचे हजारो होतात. ठिणगी जन्मते ती जोडण्यातून नाही, तोडण्यातून. बल्ब सतत पेटलेला, म्हणजे करंट अर्थिंगला उतरतच नाहीये.

“कॉइल गेली असंल,” मामा म्हणतात. नवी आहे, तरी म्हणतात.

मिस्त्री एक वायर घेतात. एक टोक कॉइलच्या उणे बाजूला, दुसरं इंजिनाला टेकवून झटक्यात उचलतात. पकडीतल्या जाड वायरीच्या टोकाशी चट्ट. बारीकशी, पिवळट, पण ठिणगी. पुन्हा चट्ट. पोट्टं हसतं. “कॉइल जित्ती हाये. जुनीही जित्तीच असंल.” मामा काही बोलत नाहीत.

आता डेल्कोच्या टोपीचे दोन चाप सुटतात. रोटर निघतो. आत पॉइंट; थोडे काळवंडलेले, पण जळालेले नाहीत. पोट्टं पॉलिश पेपर पुढे करतं, मिस्त्री त्याचा हात बाजूला करतात. पंख्याचा पट्टा हाताने ओढून पॉइंट पूर्ण उघडेपर्यंत इंजिन फिरवतात. फट पाती घालून बघतात: अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, ठीक. मग बल्ब डेल्कोच्या बाहेरच्या खिळ्याला: पेटतो. बल्ब आत, पॉइंटच्या पातळ स्प्रिंगला: विझलेला.

बाहेरचा खिळा ते आतली स्प्रिंग, अंतर दोन बोटं. मध्ये एक लहानशी मऊ वायर. वरून अखंड दिसते. मिस्त्री ती चिमटीत धरून वाकवतात. बल्ब पेटतो. सोडतात. विझतो. वरचं कव्हर शाबूत आहे आणि आतली तार तुटलेली.

पंधरा दिवसांचा हिशेब माझ्यासमोर आपोआप सुटतो. कंडेन्सर याच वायरीच्या पलीकडे, स्प्रिंगच्या बाजूला जोडलेला. म्हणून मघाची ठिणगी अशी अशक्त. तो बदलताना कोणाचं तरी बोट या वायरीला लागलं, टोकं भेटली, गाडी सुरू झाली, आणि कंडेन्सर गुन्हेगार ठरला. कॉइल बदलताना बाहेरची वायर ओढली गेली, तेव्हाही तेच. नवा भाग घातल्यावर गाडी चालू लागली, एवढ्याने जुना खराब होता असं सिद्ध होत नाही. हे आम्हा तिघांत फक्त एकाला ठाऊक होतं, आणि तो आधी बोलावला गेला नव्हता.

पोट्टं पेटीतून घरच्या फिटिंगची एकेरी तांब्याची तार काढतं. “थे नाई बे, थे चार दिवसांत मोडंल.” पॉइंटसोबत ही वायर मिनिटाला हजारो वेळा थरथरते, तिला बारीक तारांची, मऊ वायरच हवी. तशी सापडते. जुन्या वायरीची पितळी टोकं सोलून तिच्यावर दाबली जातात, कडेला कुठे लोखंड शिवत नाही ना ते दोनदा बघितलं जातं. “पांढुर्ण्याहून आले का दुकानात या, डागून देतो.”

बोलतात ते मराठी, बिल मागतील हिंदीत. इथे हे सगळ्यांचंच आहे. 1956मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तरी मामा अजून ‘छिंदवाडा जिल्हा’ लिहितात.

टोपी बसते. “मार.” अर्धा सेल्फ, आणि इंजिन खोकून उठतं. डाल्यातली कॅरेटं थरथरायला लागतात.

मिस्त्री साठ रुपये घेतात. संत्री मात्र नको म्हणतात. घरी बाग आहे. मामा सीटखालून जुनी कॉइल काढून त्यांच्या हातात ठेवतात. तिथेच बॅटरीवर, तीच वायर टेकवून उचलून, ती तपासली जाते. चट्ट.

जुनी कॉइल चांगली आहे.