खीळ : गती थांबवणारा शब्द

‘खीळ’ म्हणजे एखादी वस्तू जागची हलू नये म्हणून ठोकलेली मेख. संस्कृत ‘कील’, प्राकृत ‘खील’ आणि त्यावरून मराठी ‘खीळ’ असा या शब्दाचा प्रवास आहे. ‘खिळा’ हा त्याचाच भाऊबंद.

पुढे लाकडातली ही मेख व्यवहारात शिरली. मुद्दाम रोखणे म्हणजे ‘खीळ घालणे’, तर परिस्थितीमुळे गती थांबणे म्हणजे ‘खीळ बसणे’. उधळपट्टीला खीळ घातली जाते; दुष्काळाने शेतीच्या प्रगतीला खीळ बसते.

धनुर्वातात जबड्याचे स्नायू आखडून तोंड उघडत नाही, ती ‘दातखीळ’. भीतीने वाचा बंद झाली, तरी दातखीळच बसते. आजारी माणूस अंथरुणाला खिळतो, सुंदर दृश्यावर नजर खिळते आणि रंगलेले कीर्तन श्रोत्यांना खिळवून ठेवते.